दिगंबरचा निळा कोट

दिगंबर गेल्याचं मला मोबाइलवरच्या एका फोटोवरून कळलं. लातूरच्या माझ्या दुकानात एका नवरदेवाच्या शेरवानीला काजं करत बसलो होतो, तेवढ्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर तो फोटो आला. मी शिंपी माणूस, मला माणसाआधी त्याच्या अंगावरचं कापड दिसतं. आधी दिसला तो कोट. काळा, अंगासरशी बसलेला, घोडा उडीत असतानाही पाठीत जराही न ताणलेला. मीच शिवलेला. तो बघून माझं डोकंच फिरलं, की हा फोटो कोणी टाकला, कशाला टाकला... आणि मग खालची ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाचली. राग आधी आला, रडू नंतर. आज पाच आठवडे झाले, रडू ओसरलं, राग काही जात नाही. ज्यांना गेलेल्या माणसाच्या गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी खुशाल पान उलटावं.

दिगंबर सोनकांबळे आणि मी शिरूर अनंतपाळच्या शाळेत एका बाकावर. माझे वडील तिथं शिलाई मशीन चालवायचे, त्याचे वडील दुसऱ्याच्या रानात मजुरी करायचे. आम्ही लिंगायत, ते बौद्ध. दोस्ती घट्ट होती, पण आमच्या ओसरीवर त्याच्यासाठी चहाचा कप वेगळा ठेवलेला असायचा. तो स्वतः विसळून कोनाड्यात ठेवायचा आणि माझ्याशी गोट्या खेळायला यायचा. मी आईला कधी काही बोललो नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण हे वगळलं तर पुढचं सगळं खोटं ठरेल. पुढं तो घोडदळात भरती झाला आणि मी लातूरला कोट-सफारीचं दुकान टाकलं. सुटीवर आला की पहिला माझ्याकडं यायचा, बूट बाहेर काढून कटिंग टेबलावर मांडी घालून बसायचा आणि घोड्यांचं सांगत सुटायचा. कोणता घोडा पाण्याला बुजतो, कोणता डाव्या बाजूनं उडी घ्यायला नाखूश असतो. माणसांबद्दल त्याला एवढं कधी बोलता आलं नाही.

नोकरीत त्याचं काम घोडे तयार करण्याचं. अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धेसाठी तो जनावर दोन-दोन वर्षं घडवायचा, आणि स्पर्धेच्या दिवशी त्यावर साहेब बसायचे. “आप्पा, मी घोडा मैदानाच्या दारापर्यंत न्यायचो,” तो एकदा म्हणाला. “लगाम साहेबाच्या हातात द्यायचा अन् बाजूला व्हायचं. मग भोंग्यावर नाव यायचं. घोड्याचं नाव, साहेबाचं नाव, गावाचं नाव. लई भारी वाटायचं रे ते ऐकायला. एकदा आपलं नाव यावं. बस्स. कप-बिप काही नको.” त्याच्या सबंध आयुष्यातली हौस म्हणावी तर ही एवढीच. पेन्शनीत आल्यावर त्यानं माळेगावच्या यात्रेतून एक तांबूस घोडी आणली, तिचं नाव मैना. जुन्या पाइपांचे आणि बांबूंचे अडथळे करून लातूरबाहेरच्या भाड्याच्या माळावर तिला शिकवायला लागला, चार मुलं शिकायला यायला लागली, आणि कागदोपत्री त्याचा एक लहानसा क्लब झाला.

या खेळात कपड्यांचे नियम किती असतात ते मला त्याच्यामुळं कळलं. पांढरी किंवा फिकट विजार, पांढऱ्या कॉलरचा शर्ट, टाय, उंच बूट, आणि अंगात कोट. कोट काळा, गडद निळा, हिरवा, तांबडा अशा ठरलेल्या रंगांचा. मात्र एखाद्या क्लबला स्वतःचा वेगळा रंग हवा असेल तर अर्ज करून मंजूर करून घ्यायचा. दिगंबरनं तो नियम बोटानं दाखवला आणि म्हणाला, “निळा. पण ह्यो गडद न्हाई. आपला निळा.” कोणता निळा ते मला विचारावं लागलं नाही. तो निळा मी दर एप्रिलमध्ये माझ्या दुकानासमोरून वाजतगाजत जाताना बघत आलोय. कोटाच्या कापडात तो मिळेना. लातूरचे दुकानदार नेव्ही ब्लू पुढं करायचे आणि ‘उन्हात हाच तसा दिसतो’ म्हणायचे. शेवटी नांदेडच्या एका जुन्या दुकानात गठ्ठ्याखाली दबलेला एक तुकडा सापडला, नेमका कोटापुरता.

पहिल्या ट्रायलला मी तोंडावर पडलो. इतकी वर्षं कोट शिवले ते नवरदेवांचे आणि पुढाऱ्यांचे, उभं राहून फोटो काढणाऱ्यांचे. दिगंबर कोट घालून स्टुलावर दोन्हीकडं पाय टाकून बसला, हात लगाम धरल्यासारखे पुढं केले, आणि पाठीवरची शिवण करकरली. “आप्पा, मला लग्नाला जायचं न्हाई,” एवढंच म्हणाला. मग दुकानापुढं त्याची मोटरसायकल स्टँडवर लावली, त्याला तिच्यावर ओणवं बसवलं आणि टेप लावला. रस्त्यावर ही गर्दी! तो उठतोय, बसतोय, पुढं झुकतोय, आणि मी मागं-मागं टेप घेऊन. पानवाला विचारायला लागला की दिगूभाऊ सिनेमात चाललेत का. दिगंबर इतका हसला की माप दोनदा घ्यावं लागलं. दुसऱ्या ट्रायलला कोट असा बसला की मी स्वतःवरच खूश झालो. तेवढ्यात रंगाच्या मंजुरीचं पत्रही आलं, शिक्क्यानिशी.

आणि त्यानंतर मी जे केलं, ते आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. त्याच मापाचा एक काळा कोट मी गुपचूप शिवून ठेवला. आमच्या धंद्यात एक खोड असते. गिऱ्हाइकाच्या कपाळावर आठी पडायच्या आत आम्ही दुसरा तागा उलगडतो. त्याला नको म्हणायचीही तसदी पडू देत नाही. पत्र हातात असूनही माझ्या मनात होतंच की तिथं कोणाच्या तरी कपाळावर आठी पडणार. ही काळजी होती असं मी स्वतःला सांगत आलो. काळजी कसली, तो भित्रेपणा होता.

स्पर्धा नांदेडला, अर्धापूर रोडला केळीच्या बागांना लागून असलेल्या एका मैदानावर होती. आम्ही टेम्पोत मैनाला घेऊन पहाटेच निघालो होतो. मैदानाच्या तोंडाशी पोशाख तपासणारे एक पंच उभे होते, मोठ्या शहरातून आलेले, गोड बोलणारे. आमच्या पुढं एक तरुण स्वार होता, त्याचा कोट वाइनच्या रंगाचा, कॉलर चमकीची. ठरलेल्या रंगांच्या यादीत वाइन काही नव्हता. पंच त्याला ‘वा, छान’ म्हणाले. मग आमची पाळी. त्यांनी दिगंबरकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसून म्हणाले, “हा मोर्चातला रंग झाला हो. मैदानातला नव्हे.” आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. दिगंबर हसला नाही. त्यानं खिशातून पत्र काढलं आणि शांतपणे उलगडायला सुरुवात केली. त्याचा जबडा आवळलेला मला दिसत होता. तो भांडणार होता. नियम त्याच्या बाजूनं होता, शिक्का होता, सही होती. आणि त्या क्षणी मी पुढं झालो, पिशवीची चेन ओढली आणि म्हणालो, “साहेब, काळा पण आणलाय.”

दिगंबरनं माझ्याकडं बघितलं. त्या पंचाकडं त्यानं तसं एकदाही बघितलं नव्हतं. “तू आधीच शिवून आणलास?” हळूच म्हणाला. मी म्हणालो, “नाव यायची वेळ झाली दिगू, घाल. नाव तर येऊ दे.” तो पत्राची घडी पुन्हा घालत राहिला, एक घडी, दोन घड्या... मग निळा कोट उतरवला, माझ्या हातात दिला आणि काळा चढवला. “बघा, किती रुबाबदार दिसताय,” असं ते पंच म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या! जसं काही आम्ही दोघांनी मिळून एखादं चांगलं काम केलं होतं. ती थाप मला अजून झोंबते.

या सगळ्यात त्याची पाळी हुकली होती. त्याला सगळ्यात शेवटी ढकललं. मंडपातली माणसं जेवायला उठली होती. तो मैनावर बसून दाराशी आला, टाच किंचित खाली घेतली, मान उंच केली, आणि थांबला. नावासाठी थांबला. भोंगा खरखरला आणि आवाज आला, “चला, शेवटचा घोडा.” बस्स, एवढंच. घोडीचं नाव नाही, माणसाचं नाही, गावाचं नाही. तो तरीही क्षणभर थांबला, की पुढं काही येतंय का. मग गेला. बारा अडथळे होते, एकही दांडी पडली नाही. मैना तर पाखरासारखी गेली. मी कठड्याला धरून उभा होतो, काखेत निळा कोट. टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते, आणि दुसऱ्या कोणी वाजवल्या नाहीत. कोणीतरी मोबाइलवर एक फोटो तेवढा काढला, तोच हा.

येताना टेम्पोत तो मैनापाशी मागं बसला, माझ्याशेजारी पुढं नाही. लातूरला उतरल्यावर काळा कोट घडी घालून माझ्या हातात दिला, माझ्या काखेतला निळा काढून घेतला आणि म्हणाला, “शिलाई चांगली हाय, आप्पा.” नंतर सात वर्षं तो दुकानात येत राहिला, त्याच टेबलावर मांडी घालून चहा पीत राहिला, पण त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मीही विषय काढला नाही. निळा कोट पेटीच्या तळाशी गेला असणार, त्याला कसर लागली असणार, असंच मी धरून चाललो होतो.

शोकसभेत तोच काळ्या कोटातला फोटो मोठा करून लावला होता, हार घालून. त्या पंचांचा संदेश कोणीतरी वाचून दाखवला. “सोनकांबळे म्हणजे शिस्त. एक अक्षर न बोलता नियम पाळणारा खेळाडू.” माझ्यानं बसवेना. उभा राहून ओरडलो, “नियम त्याच्या खिशात होता! मोडला यांनी, अन् मी त्यांना सुई-दोरा पुरवला!” दोघांनी हाताला धरून मला खाली बसवलं. आप्पांना दुःख अनावर झालंय, म्हणाले. दुःख नव्हतं हो ते. मेलेल्या माणसाला अजून तोच कोट चढवून ठेवलाय आणि त्याला शिस्त म्हणतायत, याचा संताप होता. चहाच्या वेळी मी तो फोटो उतरवून भिंतीकडं तोंड करून ठेवला. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

गेल्या आठवड्यात सुमनवहिनींना भेटायला त्यांच्या माळालगतच्या घरी गेलो, दिगंबरच्या बायकोला. माफी मागायची होती, सुरुवात जमत नव्हती. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “आप्पा, एक काम हाय. कोटाची बगल उसवलीय. देता का शिवून?” आणि मागच्या दाराजवळच्या खुंटीवरून त्यांनी निळा कोट काढून आणला. मी तो हातात घेतला आणि चाट पडलो. हा पेटीतला कोट नव्हता. बगलेत घामाचं मीठ फुललेलं, खांद्यावरचा रंग उन्हानं उतरलेला, खोगिरावर पडणाऱ्या मागच्या दोन्ही पाळ्यांचं अस्तर घासून घासून विरलेलं. असं अस्तर एका-दोन दिवसांत विरत नाही, त्याला वर्षं लागतात. मी विचारलं, “वहिनी, हा घालायचा कधी तो?”

“दर रईवारी,” त्या म्हणाल्या. “सकाळी पांढरा शर्ट, टाय, बूट, समदं करायचे. पोरं यायच्या आत. माळावर एकटेच उड्या घ्यायचे. एकटे म्हंजी, मी असायचे.”

“तुम्ही? तुम्ही काय करायच्या तिथं?”

त्या पदर चाचपत राहिल्या. “मला दाराशी उभं करायचे अन् नाव पुकारायला लावायचे. आधी आधी लई लाज वाटायची, आप्पा. नवऱ्याचं नाव, ते बी वरडून. मग सवय झाली. मी म्हणल्याबिगर घोडी हलवायचेच न्हाईत.”

मी म्हणालो, एकदा म्हणून दाखवा. त्या नको नको म्हणाल्या. मग उठल्या, मागच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, मोकळ्या माळाकडं तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “घोडी मैना. स्वार दिगंबर नामदेव सोनकांबळे. गाव शिरूर अनंतपाळ.”

एवढंच म्हणायला हवं होतं हो त्या भोंग्यावाल्यांनी त्या दिवशी. एवढंच.