टिप बसवणारे काका

बोळिंजच्या एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर तेव्हा स्नूकर पार्लर होतं. तिथे क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला चामड्याची टिप बसवायला एक काका यायचे. नाव मी कधी विचारलं नाही. डबीतली एकेक टिप ते लादीवर टाकायचे आणि डोळे मिटून आवाज ऐकायचे. बद्द वाजली की बाजूला. डझनातून दोन पसंत पडायच्या. स्वतः मात्र कधी खेळले नाहीत.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी नवी टिप मागितली. त्यांनी जुनीच कानशीने साफ करून दिली.

"नवं चामडं मार खाल्ल्याबिगर बसत नाय. उद्या हीच घेऊन जा."

मला रागच आला. स्टेशनजवळच्या दुकानातून नवी बसवून घेतली आणि पहिल्याच फेरीत हरलो. टिप दबून छत्रीसारखी पसरली होती, निम्मे फटके भलतीकडेच गेले.

दोन दिवसांनी मान खाली घालून क्यू त्यांच्यापुढे धरला. आता ऐकवणार, असं वाटलं. त्यांनी पसरलेली कड ब्लेडने कापली, पॉलिश पेपरने टोक गोल केलं, अंगठ्याने दाबून पाहिलं.

"हिचा मार खाऊन झाला," क्यू परत देत ते म्हणाले. "आता खेळ."