ज्याला समजलं नाही, त्याच्या हाती खडू

वणीहून येणारी दुपारची मोटार आमच्या फाट्यावर बिडी पेटवण्यापुरतीच थांबते. त्या दिवशी मात्र कंडक्टर खाली उतरला आणि धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, सरळ माझ्या वावरात आला. मी वेचलेल्या कापसाचं गाठोडं बांधत होतो. "भाऊ, नागपूरहून निरोप हाये," एवढंच म्हणाला. मीच विचारलं, "वामन गेला?" त्यानं मान डोलावली. मोटार भोंगा वाजवत होती, त्याला जायचं होतं, पण तो उभाच राहिला. शेवटी मीच म्हणालो, "जाय बापा, लोकं खोळंबले." मग मी गाठोड्याची गाठ पुरी बांधली. दुसरं काय करायचं ते सुचेना...

वामन माझा धाकटा भाऊ. माय गेली तेव्हा तो रांगत होता, म्हणून मी आणि माझ्या बायकोनं त्याला वाढवलं. मी चौथीपर्यंत शिकलो, मग हाती वखर आला. पण कुठं अंगठा लावला नाही, सही करतो. हा मजकूरही माझ्याच हातचा आहे. चुका असतील त्या छापणाऱ्यांनी सुधाराव्या, मजकूर बदलू नये. वामन अमरावतीला शिकून आला आणि छप्पन-सत्तावनच्या सुमारास गावात हायस्कूल निघालं तेव्हा त्यात गणिताचा मास्तर झाला. शाळेच्या पायव्याचे गोटे माझ्या गाडीनं वाहिले होते, म्हणून मला कमिटीत मेंबर घेतलं. एका घरात एक मास्तर आणि एक मेंबर! शाळेत जायचं म्हटलं की मी फेटा बांधल्याशिवाय निघत नसे.

पण माझा भाऊ शिकवतो कसा, हे मी पहिल्यांदा पाहिलं आणि फेट्याखाली डोकं तापलं. सगळा वर्ग शाळेमागच्या निंबाखाली. जमिनीत खुंट्या ठोकलेल्या, त्यांना दोऱ्या बांधलेल्या, आणि पोरं मातीत वर्तुळ आखून दोऱ्या ताणताहेत. मास्तर कुठं? तर निंबाच्या बुंध्याला टेकून बसलेला.

"काय बे, ढोरं बांधता काय इथी?" मी गाडी थांबवून विचारलं.

"नाई दादाजी, काटकोन शोधून राह्यलो."

"काहून, हरवला काय?"

पोरं खदखदा हसली. वामनही हसला, पण त्यांना सांगितलं काहीच नाही. त्या दिवशी जेवताना मी विषय काढला.

"तुले शाळा पगार कायचा देते बे? गप बसाचा?"

"दादा, तू वखर हाकलाले कसा शिकला? बाबानं तोंडानं सांगतलं काय?"

"वखर हातात देल्ला अन् बसला धुऱ्यावर."

"मग मी बी तेच करून राह्यलो."

"पण बैल मॅट्रिकले बसत नाई, वामन!"

त्याची बायको गोदावरी भाकर वाढत होती, ती पदरात तोंड घालून हसली. माझं ते म्हणणं आजही कायम आहे. मास्तर म्हणजे आवाज. मला शिकवणाऱ्या गुरुजींचा पाढा नाल्यापलीकडं ऐकू जात असे. भाऊ गेला म्हणून मी माझं मत सोडणार नाही.

त्याचा एक कायदा होता. ज्याला समजलं नाही त्यानं सांगायचं. सांगितलं की त्याच्याच हाती खडू. त्यानं फळ्यापाशी जाऊन कुठवर समजलं ते दाखवायचं, आणि पुढचं त्याला बाकीच्या पोरांनी पटवून द्यायचं. त्याला पटेपर्यंत वर्ग पुढं जायचा नाही. वामन स्वतः "बरोबर" म्हणत नसे, "चूक"ही म्हणत नसे. भलतंच वळण लागलं तर एखादा सवाल टाके, बस. गावातले लोक मला म्हणत, "मेंबर, तुमच्या भावाले गणित येते ना, का पोरायलेच इचारते?" हे ऐकून घ्यावं लागायचं मला.

मुकुटबनकडच्या एका पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, भीमा आत्राम नावाचा पोरगा नववीत आला. घरची बोली वेगळी. वर्गात कुणी काही विचारलं की खाली पाहायचा. समजलं का म्हटलं की "हो". रागावलं तरी "हो". असे किती महिने गेले. एके दिवशी वामन शाळेतून आला तो चपला न काढताच ओरडला, "वहिनी, शिरा कर!"

"काहून भाऊजी, कोनी पास झालं काय?"

"नाई वहिनी, भीमा म्हने नाई समजलं! उभा राहून म्हने!"

माझ्या बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. शिरा मात्र झाला आणि मीही दोनदा घेतला. त्यानंतर भीमाला तोंड फुटलं. घरची बोली आणि आपली मराठी मिसळून असा भांडे, की हुशार पोरांना घाम फुटे. त्या पोडावरून मॅट्रिकला बसणारा तो पहिलाच होणार होता. वामनचा सगळा जीव त्याच्या मॅट्रिकच्या वर्षावर होता.

आणि ते वर्ष सुरू व्हायच्या तोंडावर, उन्हाळ्यात, वामनचा घसा बसला. आम्ही हळद-दूध केलं, ज्येष्ठमध चघळायला दिला. कळंबला नेऊन वैद्याला दाखवलं, येताना चिंतामणीला नारळ फोडला. पोळ्यापर्यंत आवाज पुरता गेला. बोलू लागला की नुसता वारा यायचा. वैद्य म्हणाला, हे माझ्या हातचं नाही, नागपूरला न्या. मी गाडीभाड्यासकट तयारीनं बसलो. वामन माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "मॅट्रिक होऊ दे, दादा. दुसरा मास्तर आला तर भीमा पुन्हा हो म्हनन."

मी ओरडलो. गोदावरी रडली. मी जेवण सोडलं, तर त्यानंही सोडलं. आमच्या घराण्यात हट्टाला तोटा नाही. दुसऱ्या दिवशी तोच जिंकला आणि शाळेत गेला.

आता नवल ऐका. शाळेला कळलंच नाही. हजेरी पोरंच घेत, फळ्यापाशी पोरंच भांडत, आणि मास्तर निंबाखाली असो की वर्गात, पहिल्यापासून गपच असायचा. पोरांना ठाऊक होतं, पण एकानंही घरी सांगितलं नाही. हेडमास्तर वऱ्हांड्यातून जायचे, आतला कल्ला ऐकायचे आणि कपाळाला हात लावून पुढं जायचे. दिवाळी गेली. गळ्यात गोळा धरला होता, तो बाहेरून दिसू लागला, तसा वामन थंडीच्या आधीच मफलर बांधू लागला. मी रोज पाहत होतो. धरून न्यावं तर चाळिशी ओलांडलेल्या माणसाला कसं धरावं?

मग तपासणीचे साहेब आले. मेंबर म्हणून मी वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. साहेब म्हणाले, "गणिताचा तास पाहू." वामननं भीमाकडं नुसती भुवई उचलली. भीमा उठला.

"मले नाई समजलं. व्यासाच्या दोन टोकायपासून वर्तुळावर कोन काढला तर दरवेळी काटकोनच काहून? एखादवेळी चुकाव ना त्यानं!"

जी जुंपली! एक पोरगी फळ्यावर गेली, तिला दुसऱ्यानं अडवलं. भीमा कुणाचंच ऐकेना. "हे तू मानून राह्यली, दाखवून नाई राह्यली," म्हणे. शेवटी त्यानंच मधोमध एक रेघ ओढली, एका त्रिकोणाचे दोन केले आणि स्वतःशीच म्हणाला, "आता आलं." साहेब पुढं वाकून पाहत होते. मला त्यातलं काही कळलं नाही, पण ऊर भरून आला. वाटलं, निभलं...

साहेब उठले, वामनचा हात हातात घेतला. "मास्तर, असा तास मी पाहिला नाही. नाव काय आपलं?"

वामननं तोंड उघडलं. नुसता वारा आला. साहेब हसत वाट पाहत राहिले. मग हसू गेलं. भीमा मागून म्हणाला, "सर बोलत नाई, साहेब. पन सर शिकवते." आणि मी, मेंबर, बाकावर फेटा घालून बसलो होतो.

साहेब वाईट माणूस नव्हता. म्हणाला, ह्यांना आजच दवाखान्यात न्या. रजा लागली, बिनआवाजी मास्तर ठेवता येत नाही असा नियम निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी गळा पाहिला आणि मला बाहेर नेलं. उशीर झाला म्हणाले. मी त्यांना विचारलं, किती उशीर? ते म्हणाले, "तुम्ही त्यांच्याजवळ बसा." मी बसलो. पुढं वेचणीसाठी मला गावी यावं लागलं, गोदावरी त्याच्यापाशी राहिली. पुढचं वर लिहिलंच आहे.

मागल्या आठवड्यात त्याचा कोट न्यायला मी शाळेत गेलो. वर्गात नवे मास्तर शिकवत होते. तरणा माणूस, आवाज खणखणीत, नाल्यापलीकडं जाईल असा. फळ्यावर सुरेख अक्षर. वर्ग कसा, टाचणी पडली तर ऐकू यावी. मी खिडकीशी थांबलो. मास्तरांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "समजलं?"

"हो सर," सगळा वर्ग एकदम म्हणाला.

भीमा खिडकीजवळच बसला होता. त्याचेही ओठ हलले. मग त्यानं मला पाहिलं आणि मान खाली घातली. परीक्षा महिन्यावर आली आहे.

नवे मास्तर खिडकीपाशी आले. अदबीनं म्हणाले, "काय पाहिजे, बाबा?"

मी फेटा सारखा केला. "काही नाही," म्हणालो. "चालू द्या तुमचं."