संघमित्राची पेशी

ज्या कामात नुसतं बसून राहावं लागतं, त्या कामात किस्से फार साठतात. आमच्या धुळ्याच्या लॅबमध्ये तर बसणं हेच काम. बेशुद्ध केलेल्या उंदराच्या मेंदूत केसाहून बारीक काचेची नळी न्यायची आणि अंगातलं पाणी राखणारं हार्मोन बनवणारी एकच पेशी शोधायची. सापडली की स्पीकरमधून टकटक ऐकू येते. मग रक्तात थोडं मिठाचं पाणी सोडायचं आणि ही काय करते ते ऐकत बसायचं. शेजारची पेशी भलतंच काही करते. आमचे सर म्हणतात, "वर्गाची सरासरी चांगली म्हणून कुणी पास होत नाही. एकेकीला विचारा!"

माणसं चारच. सर, सलीम, मी आणि दोंडाईच्याची संघमित्रा. तिच्या पीएचडीला आता एकच पेशी हवी होती, शेवटपर्यंत टिकणारी. पण मीठ सोडलं की पेशी नेमकी हातची जायची. "सुटली," एवढंच ती म्हणायची आणि बाहेर जाऊन तोंड धुऊन यायची. या सत्रात जमलं नाही तर ते प्रकरण गळणार होतं, आणि त्या प्रकरणाशिवाय प्रबंधात काही उरत नव्हतं.

* * *

काही पेशी थोडा वेळ धडाधड बोलतात, मग गप्प, मग पुन्हा धडाधड. पाहणीला आलेल्या समितीतल्या मॅडमनी विचारलं, मशीन बिघडलंय का?

"नाही मॅडम, लोडशेडिंग आहे," सलीम म्हणाला.

मॅडमनी मान डोलावली. पुढे विभागाला इन्व्हर्टर मंजूर झाला.

* * *

संघमित्राच्या आईने एकदा शेवभाजी पाठवली. सरांनी रस्सा वाटीला तोंड लावून संपवला आणि मग दुपारभर ते माठाजवळून हलले नाहीत. सलीमने गंभीरपणे विचारलं, "सर, शेवभाजीच्या आधीचं रीडिंग घेतलंय ना?"

* * *

रमजानात सलीमचा रोजा होता आणि ऊन धुळ्याचं. मीठ सोडल्यावर पेशी जी सुरू झाली ती थांबेना. आम्ही खूश. सलीम स्पीकरकडे बघत म्हणाला, "हिला कुणीतरी सांगा, मगरिबच्या अजानला अजून वेळ आहे."

तेवढ्यात पेशी सुटली. संघमित्रा दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. इफ्तारीला खजूर मात्र तिनेच आणले.

* * *

संघमित्राच्या वडिलांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. त्यांच्या शेताच्या बांधाची केस धुळ्याच्या कोर्टात आहे. त्यांच्या लेखी पेशी म्हणजे कोर्टातली तारीख, दुसरं काही नाही. एकदा तारखेला आले असताना लेकीबरोबर जेवावं म्हणून त्यांनी फोन केला. तिचे हात गुंतलेले, म्हणून सलीमने उचलला.

"आबा, ताईची पेशी लागलीय," तो कुजबुजला. "आता सुटली नाही पाहिजे, बस."

थोड्या वेळात आबा दारात. सोबत वकील, काळ्या कोटात. आम्ही नुकतंच मीठ सोडलं होतं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. आबांनी चपला काढून हातात घेतल्या. वकीलसाहेबांना खोकला येत होता, तो त्यांनी कोटाच्या बाहीत दाबला. स्पीकर आधी अडखळत, मग जोरात, मग सलग टकटकत राहिला. संघमित्रा श्वास धरून बसली होती आणि खरं सांगतो, आम्हीही.

शेवटी सर म्हणाले, "झालं. पूर्ण मिळालं."

संघमित्राने टेबलावर डोकं टेकलं आणि रडायला लागली. किती दिवसांचं साचलेलं होतं ते. मलाही आवरेना.

वकीलसाहेबांनी हळूच विचारलं, न्यायाधीश कोणते? सलीमने सरांकडे बोट दाखवलं.

आबांनी सरांना हात जोडले, व्हरांड्यात गेले आणि दोंडाईच्याला घरी फोन लावला. त्यांची अहिराणी आतपर्यंत ऐकू आली.

"रडू नको. बठ्ठं मिटनं. आपली पोर सुटनी."