भरदुपारचा डबा

मल्लव्वाला चाळीत पहिल्यांदा नावं ठेवली गेली ती पाण्यापायी. नळावर भांडली म्हणून नव्हे. तिथं भांडण रोजचंच होतं. भर उन्हाची, चार माणसांच्या देखत, दारात बसून तिनं सुनेला तांब्याभर पाणी पाजलं आणि स्वतःही प्यायली, म्हणून.

पाणी पिण्यात वाईट ते काय, असं आजची पोरगी विचारील. तिला ती चाळ दाखवायला हवी. सोलापुरातल्या एका गिरणीच्या मागची, पत्र्याच्या छपराची. या टोकाला नळ, त्या टोकाला संडासांची रांग, आणि मधोमध लिंबाखाली कट्टा. कट्ट्यावर पाळी सुटलेले, पाळीला जायचे असलेले आणि कुठल्याच पाळीला नसलेले असे सगळे बाप्ये पत्ते कुटत बसलेले. खोल्यांत मोरी नाही. दारात एक फरशी, तिला गोणपाटाचा आडोसा. आंघोळ तिथं, आणि तिथलं पाणी सगळ्यांच्या दारांपुढून वाहत जायचं, म्हणजे दुसऱ्या कशाची सोय नाही. राहिला संडास. तिकडं जायचं तर पाण्याचा डबा हातात धरून कट्ट्यावरून जायचं. डबा दिसला की बाई कुठं निघाली हे झोपेतल्या माणसालाही कळतं.

मग बायकांनी काय केलं? पहाटे भोंग्याच्या आधी एकदा जायचं, दिवे लागल्यावर एकदा. मधला सगळा दिवस कोरडा. सकाळी बशीभर चहा, भाकरीवर घोटभर पाणी, की झालं. नव्या सुनेला हे कुणी शिकवत नसे. ती बघून शिकायची. आणि गंमत बघा, याचाच बायकांना तोरा. "मला तर बाई दिवसभर लागतच न्हाय," असं एकीनं म्हणायचं, की दुसरीनं, "मला तर तहानसुदिक लागत न्हाय." जिला लागायचं ती हलक्या घरची ठरायची.

मल्लव्वा अक्कलकोटकडची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनंही असेच उन्हाळे काढले. एरवी तोंडाची तिखट. नळावर तिची घागर सरकवायची कुणाची छाती नव्हती. पण या बाबतीत तीही चार जणींसारखी. नवरा सिद्धाराम गिरणीत मागावर. मुलगा रेवण पुण्याकडं कारखान्यात नवा लागलेला. महिन्याकाठी एकदा यायचा. जाताना बायकोला आईच्या ओटीत घालून गेलेला. ही सून गौरम्मा, हाडानं बारीक, बोलायला त्याहून बारीक. चादरीच्या मागांना लागणाऱ्या कांड्या भरत दिवसभर रहाटापुढं बसायची, अन् पाचवा महिना लागला तरी हूं का चूं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. वैशाखातलं ऊन. पत्रा असा तापायचा की भाकरी चुलीऐवजी पत्र्यावरच भाजावी का काय असं वाटे. गौरम्मा एक दिवस रहाट सोडून भिंतीशी वळून निजली. मल्लव्वानं विचारलं, "काय गं, काय होतंय?"

"काय न्हाय, अत्ती. उन्हाळी लागलीया."

अत्ती म्हणजे कानडीत सासू, आणि उन्हाळी म्हणजे लघवीची आग. चाळीत उन्हाळ्यात ती कुणाला लागत नसे? मल्लव्वानं धणे भिजत घातले, सब्जा भिजवला. पण ते पाणी पोरीनं प्यायचं कधी, तर दिवे लागल्यावर! तिसऱ्या दिवशी गौरम्मा हुडहुडली. भर वैशाखात दोन घोंगड्या घेऊन दात वाजवायला लागली, आणि कमरेला हात लावू देईना. मल्लव्वानं मग रिक्षा केली आणि तिला दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं तरण्या, पण बोलणं रोखठोक. पोट बघितलं, पाठीवर दाबलं, लघवी तपासली. मग विचारलं, "पाणी किती पितेस गं?"

उत्तर मल्लव्वानं दिलं, मोठ्या अभिमानानं. "पोरगी वळणाची हाय, बाई. दिवसा पाण्याला शिवत न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली. "आणि लघवीला?"

"दिवे लागल्यावर. आमच्यात सगळ्याच तसं करतात."

"मग सगळ्यांनाच घेऊन या माझ्याकडं," बाई म्हणाल्या. "अहो आजी, पाणी प्यायचं नाही, आलेली धरून ठेवायची, म्हणजे घाण आतच मुरते. ती वर मूत्रपिंडाला चढली म्हणून हा ताप. पोटुशीला हे फार वाईट. असाच ताप पुन्हा आला तर पोर दिवस भरायच्या आधी बाहेर येईल. पाच महिन्यांचं पोर जगत नाही."

मल्लव्वाच्या तोंडचं पाणीच पळालं. बाईंनी सुई टोचली, गोळ्या दिल्या, बजावलं. बरं वाटलं तरी गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत. पाणी उकळून गार केलेलं, तहान लागायची वाट न बघता प्यायचं. धुताना पुढून मागं धुवायचं, मागून पुढं नाही. आणि आली की जायचं. लगेच. "गोळी माझी," त्या म्हणाल्या, "पण संडासाला मी नेऊ शकत नाही. ते तुमचं काम."

चार दिवसांत ताप उतरला. पाचव्या दिवशी दुपारी मल्लव्वानं गौरम्माला दारात बसवलं, हातात तांब्या दिला आणि पुढ्यात बसली. पोरीनं तो संपवला, मग मल्लव्वानं दुसरा भरून स्वतः रिकामा केला. समोरच्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. घटकाभरानं, पुन्हा रहाटापुढं बसलेल्या गौरम्माची चुळबुळ सुरू झाली. रहाट थांबला. ती गुडघे आवळून बसली.

"जा की मग," मल्लव्वा म्हणाली.

"कशी जाऊ, अत्ती? कट्टा भरलाय."

मल्लव्वानं वाकून बघितलं. कट्टा खरंच भरला होता. तिनं एकदा सुनेच्या पोटाकडं बघितलं. मग फळीवरचा तुपाचा रिकामा डबा काढला, घागरीतून काठोकाठ भरला, स्वतःच्या हातात धरला आणि म्हणाली, "ऊठ. डबा माज्या हातात. तू नुसती माज्यामागं चाल."

कट्ट्यावर रावजी बसला होता. गिरणीतला जुना मुकादम. काम सुटलं तरी मुकादमी सुटली नव्हती. त्यानं पत्ता टाकता टाकता बघितलं आणि हाळी दिली, "काय मल्लव्वा, दिवसाढवळ्या कुटं निघाली वरात?"

मल्लव्वा थांबली. नेमकी कट्ट्यासमोरच थांबली. "संडासाला चाललोय, रावजीअण्णा. तुमी रोज सकाळी आठला विडी ओढत, खाकरत जाता, तवा आमी इचारतो का कधी?"

कुणीतरी फिसकन हसलं. रावजीचा पत्ता हातातच राहिला. "अगं, पर बायामाणसांनी..."

"बायामाणसांना देवानं पोट दिलंया न्हवं? का तेबी तुमाला इचारून दिलं?"

ती पुढं निघाली. पण खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. गौरम्मा आत गेली, कडी लावली, आणि तशीच बाहेर आली. शरमेनं सगळं आखडून गेलं होतं. डबा भरलेलाच होता. मल्लव्वा रागावली नाही. तो डबा तिनं परत येताना लिंबाच्या बुंध्याला ओतला, कट्ट्याच्या अगदी कडेला, आणि म्हणाली, "उद्या परत."

संध्याकाळी सिद्धाराम लाल होऊन घरी आला. "चाळीत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस! रावजी म्हणतो, बायकूला आवर."

"डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगू का रावजीला?"

"ते कळलं गं. पर बायकांचं अंगच तसं असतंय. त्यास्नी सवय असती. इतकी वर्सं तुला काय झालं?"

मल्लव्वा चुलीपुढून उठली. "मला काय झालं ते मी कधी सांगितलं का तुमास्नी? दर उन्हाळ्यात आग आग व्हायची, तवा पाटा-वरवंटा घेऊन बसायची म्या, दुसरीकडं ध्यान लागावं म्हणून. आता तुमी एक करा. उद्या सुट्टी हाय तुमची. आमच्यासारखा एक दीस काढा. सकाळी घोटभर, आन् दिवे लागंपातूर तिकडं जायचं न्हाय. जमलं, तर म्या उद्यापासनं गप."

"त्यात काय? मागावर बारा-बारा तास उभा राहिलोय म्या."

"तितं पाण्याचा पिंप हुता," मल्लव्वा म्हणाली.

सकाळी सिद्धाराम ऐटीत कट्ट्यावर जाऊन बसला. पैज सगळ्यांना ठाऊक झाली होती; ती मल्लव्वानंच नळावर सांगितली होती. नऊपर्यंत तो हसत होता. दहाच्या सुमाराला पत्त्यांत त्याचं लक्ष लागेना. रावजीनं त्याच्यासमोर तांब्या तोंडाला लावला, तेव्हा सिद्धारामनं मान दुसरीकडं वळवली. सकाळचा चहा आत धडका मारत होता आणि वर घसा कोरडा पडलेला. असं दोन्ही बाजूंनी जुंपलं होतं. ऊन डोक्यावर यायच्या आधीच तो उठला, घरी आला, आणि बायकोकडं न बघता फळीवर डबा शोधायला लागला.

डबा मल्लव्वानं आधीच भरून दारामागं ठेवला होता. तेवढा हातात दिला.

त्या दिवसापासून सिद्धाराम बायकोच्या बाजूनं बोलला, असं मात्र समजू नका. गड्यांचा कणा एका दिवसात एवढा वाकत नाही. पण कट्ट्यावर तो आता संडासाच्या वाटेकडं पाठ करून बसायला लागला, आणि "बायकूला आवर" म्हणणाऱ्याला, "तुजी तू आवर," एवढं म्हणायला लागला.

पैजेच्याच दिवशी दुपारी मल्लव्वा सुनेला घेऊन निघाली, तर पलीकडच्या खोलीचा पडदा हलला. बिबीजान. नबीसाब टांगेवाल्याची बायको. ती तर उजेडात दाराबाहेर दिसायची नाही. बुरखा डोक्यावरून ओढत ती म्हणाली, "मल्लव्वाबाई, ठैरो जरा. मैं बी आतूं."

"या की! तुमचा डबा कुटाय?"

"ये क्या!" बुरख्यातून डबा बाहेर आला. "पेट में पत्थर हुए बोलके डाक्टर बोल्या मेरेकू. पानी पीव बोल्या. पीके जाऊं किधर?"

आता तिघी झाल्या. तिघींचे डबे हिंदकळत कट्ट्यावरून निघाले. बिबीजान बुरख्यातून खुसखुसून हसत होती. त्या हसण्यानं गौरम्मालाही हसू फुटलं, आणि हसता हसता तिची शरम कुठं सांडली ते तिला कळलं नाही. त्या दिवशी गौरम्माचा डबा रिकामा होऊन परत आला.

आठवडाभरात दुपारची रांग लागायला लागली. पुरुषांनी पंचायत बसवली. रावजी म्हणाला, "बायकांसाठी येळ ठरवून देऊ. दुपारी एक ते दोन. तवा आमी कट्ट्यावर न्हाय बसणार."

काही बायकांना ते पटलंही. पण मल्लव्वानं पदर खोचला. "आन् तीनला आली तर? कागद लिहून कळवायचं का पोटाला, की एक ते दोनमधीच ये म्हणून? कट्टा तुमचा, खुशाल बसा. वाट समद्यांची हाय. आमी आली की जाणार. बघायचं आसंल तर बघा, आमचं काय जातंय?"

त्यानंतर कुणी वेळ ठरवली नाही. टोमणे चालू राहिले. दोन सासवांनी सुनांना घरात कोंडलं. त्यांतली एक सासू पुढं स्वतःच रांगेत आली. रावजी अधूनमधून घसा खाकरायचा. एकदा, आठव्या महिन्यात, गौरम्मा एकटीच निघाली होती, मोठं पोट सावरत. रावजी खाकरला. ही बारीक आवाजाची पोर थांबली आणि म्हणाली, "मामा, खोकला लई दिसांचा हाय तुमचा. विडी सोडा, न्हायतर दवाखान्यात दाखवा. लाज कसली?" आणि गेली. कट्टा इतका हसला की पत्ते खाली पडले.

ताप पुन्हा आला नाही. दिवस पुरे भरले आणि भाद्रपदात गौरम्मा बाळंत झाली. मुलगी. रडणं असं खणखणीत की पत्रा थरथरावा. सुईण सारजाबाई अनुभवी; नाळ कापायचं पातं तिनं मल्लव्वाच्या देखत उकळत्या पाण्यातून काढलं होतं. मल्लव्वाची नजर होतीच तशी. बाळ पुसून आईजवळ ठेवलं, आणि मग सारजाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आता पाच दीस बाळंतिणीला पाणी न्हाय हां. घोटभर चहा द्या. पाणी दिलं की पोट सुटतंय."

चाळीतली प्रत्येक बाई अशीच पाच दिवस कोरडी राहिली होती. मल्लव्वाही राहिली होती. तिच्या तोंडून सवयीनं, "व्हय की," निघून गेलं.

"व्हय काय, अत्ती?" बाजेवरून आवाज आला. घामानं भिजलेली, फिकुटलेली गौरम्मा एका कोपरावर उठत होती. दुसऱ्या हातानं पोर छातीशी धरलं होतं. "एवढं रगत गेलंया माजं. हिला दूध कुटनं येणार? मला पाणी पायजे."

"अगं, रीत हाय ती," सारजाबाई म्हणाली.

"रीत हिकडं आणा," गौरम्मा म्हणाली, "तिलाच पाजते आधी. अत्ती, तांब्या."

मल्लव्वा सुनेकडं बघत राहिली. चार महिन्यांपूर्वी गुडघे आवळून बसलेली ती हीच पोर का, अशा नजरेनं. मग ती उठली. उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या काठोकाठ भरला, सुनेच्या ओठाला लावला, आणि तिच्या पाठीला हाताचा आधार देत सारजाबाईला म्हणाली, "तुमालाबी देऊ का थोडं? सकाळपासनं प्याला न्हाई तुमी."