ताईने माझ्यासाठी लावलेले पारायण

करोनाची लस आली तेव्हा माझ्या हृदयात स्टेंट बसला होता आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू होती. शंकर नगरच्या आमच्या कॉलनीत ज्याला त्याला डॉक्टरकी सुचत होती. कोणी म्हणे, हृदयवाल्यांनी सुई घेऊच नये. कोणी म्हणे, रक्त थांबणार नाही. ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात. पण माझे मनच घाबरट. देवघरातल्या आमच्या गुरुमहाराजांच्या तसबिरीसमोर बसलो की नामस्मरण बाजूला राही आणि छातीचे ठोके ऐकू येत.

माझी थोरली बहीण, ताई, आमच्याच शहरात पंडरी भागात एकटी राहायची. तिच्या हृदयाची झडपही जुनी दुखणेकरी. दोघे बरोबरच जाऊ म्हटले, तर ऐकेना.

"तू सुई घेऊन घे. मी तुह्यासाठी महाराजांच्या पोथीचं पारायण लावून राहिली," ती फोनवर म्हणाली.

"अन् तू काहून नाही घेत?"

"मले ताप आला तं पारायण खंडते न. समाप्ती झाली का घेईन मी."

रोज एक अध्याय, सोवळ्यात, उपाशीपोटी. एकदा संकल्प सोडला की खंड पडू द्यायचा नाही, हे आमच्या घरात लहानपणापासूनचे. ताईपुढे कोणाचे चालले आहे, म्हणून मी एकटाच गेलो.

केंद्र एका शाळेत होते. माझे नाव पुकारले आणि पाय मागे वळले. फाटकापाशी बाकावर एक अनोळखी म्हातारी दंडावर कापूस दाबून बसली होती. "का होगे, भैया?" काय झाले, असे तिने इथल्या बोलीत विचारले. मी नुसता छातीवर हात ठेवला. तिने गळ्याजवळचा पदर जरासा सरकवला. ऑपरेशनच्या टाक्यांचा वण दिसला. "मोर घलो," ती हसून म्हणाली, माझेही तसेच. "पहिली डॉक्टर ल पूछ ले, फेर डर."

मी आत जाऊन डॉक्टरांना सगळे सांगितले. गोळी बंद करू नका, कापूस जरा जास्त वेळ दाबून धरा, अर्धा तास इथेच बसा, नंतर छातीत दुखले किंवा दम लागला तर लगेच या, असे त्यांनी समजावले. हृदयरोग्याला लशीपेक्षा त्या आजाराचाच धोका मोठा, हेही सांगितले. दंड दुखला, अंग कसकसले, बाकी काही नाही. बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता. ती म्हातारी महाराजांनीच तिथे बसवली होती असे मला वाटते. कोणी हसले तरी वाटते.

ताई समाप्तीपर्यंत पोचलीच नाही. मधेच तिला करोना झाला, श्वास पुरेना, आणि इस्पितळातून ती घरी आली नाही. लस घेतली असती तर ती वाचलीच असती, असे छातीठोक कोण सांगणार? पण लस हाताशी असून ती घेतल्याशिवाय गेली, ही हळहळ जात नाही. शरण जायचे म्हणजे देवाने दारात पाठवलेले औषधही प्रसादासारखे घ्यायचे, हे मला त्या बाकापाशी उमगले. ताईला ते सांगायचे राहून गेले.

आता महाराजांपुढे हात जोडतो ते कृतज्ञतेनेच. ताईने मागितले ते त्यांनी दिले. माझ्या केसालाही धक्का लागला नाही. स्वतःसाठी तिने काही मागितलेच नव्हते.