डबा धुऊ नका

माझी आत्या बावीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये चार नंबरच्या खिडकीत बसते. रक्ताच्या नळ्या, थुंकीच्या डब्या, लघवीचे डबे, जे काही माणसाच्या शरीरातून बाहेर येतं आणि तपासायचं असतं ते तिच्या खिडकीतून आत जातं. लॅबमध्ये तिला नावाने कोणी हाक मारत नाही. 'चार नंबर रागावल्यात', 'चार नंबर जेवायला गेल्यात', असंच चालतं. त्याच लॅबची यंत्रं दुरुस्त करायला मी महिन्यातून दोनदा जाते. तेव्हा मीही ते ऐकते, आणि एकदा चुकून घरी म्हणूनही गेले.

ही चार नंबर सेहेचाळिसाव्या वर्षी एम.ए. करायला बसली. विषय आरोग्य संवाद. आजारी माणसाशी कसं बोलावं, त्याला काय लिहून द्यावं आणि ते त्याला कळलं की नाही हे कसं तपासावं, याचं शास्त्र. सगळं ऑनलाइन.

"बोलायला शिकायचं आणि तेही तू?" आतोबा म्हणाले. ते लोकांना गाडी चालवायला शिकवतात, आणि दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या पायांकडे बघत असतात. "माशाने पोहण्याचा क्लास लावण्यासारखं आहे हे. गप्प बसायचा कोर्स असेल तर सांग, मी स्वतः नाव घालून येतो."

"तुमच्या गाडीला दोन ब्रेक का हो?" आत्याने विचारलं.

"शिकाऊ माणूस 'कळलं, कळलं' म्हणतो. त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?"

"मी तेच शिकायला चाललेय."

सुरुवात झाली ती एका शिंप्यापासून. इस्पितळाच्या फाटकासमोर त्यांचं दुकान आहे, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मास्तरांना मुतखड्याचा त्रास, म्हणून चोवीस तासांची लघवी तपासायची होती. या तपासणीसाठी लॅब एक मोठा डबा देते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी त्यात साठवायची. नमुना नासू नये म्हणून डब्याच्या तळाशी आधीच थोडं औषध घातलेलं असतं.

मास्तरांचा नमुना दोनदा खराब निघाला. दोन्ही वेळा आत्याने लाल शाईने 'रद्द' लिहून त्यांना परत पाठवलं. तिसऱ्यांदा त्यांनी डबा खिडकीत ठेवला तेव्हा तो दुकानातल्या नव्या भांड्यासारखा चमकत होता.

"मास्तर, हा डबा धुतलात की काय?"

"धुतला म्हणजे काय, साबणाने घासून उन्हात वाळवला. तिन्ही वेळा. तळाला कसलं तरी पाणी होतं, ते फेकून दिलं. तुमच्या हातात घाणेरडा डबा कसा देणार, ताई?"

मागची रांग हसली. आत्याचा आवाज चढला. "भिंतीवर एवढी मोठी नोटीस लावलीय! वाचता येत नाही का?"

"वाचली ना," मास्तर म्हणाले. "धुऊ नका असं कुठे लिहिलंय तेवढं दाखवा."

आत्या तणतणत दार उघडून बाहेर आली आणि रांगेच्या बाजूने ती नोटीस वाचली. अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. लॅबच्या प्रमुख डॉक्टरांनी, म्हणजे साहेबांनी लिहिलेल्या सतरा ओळी. त्यात तपासणीचं नाव होतं, उद्देश होता, वेळेत न आणल्यास जबाबदारी कोणाची तेही होतं. डबा धुऊ नका, हे नव्हतं. लॅबमध्ये ते सगळ्यांना ठाऊक, म्हणून लिहायचं कोणाला सुचलंच नव्हतं. आणि तोंडाने सांगायचं तिलाही नाही.

त्याच दुपारी ती साहेबांकडे गेली. "एक ओळ वाढवूया का?"

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बाई, लिहिण्याचं काम शिकलेल्यांवर सोडा."

ती म्हणाली, "बरं. मग शिकते."

साहेब हसले. आठवड्याभरात हिने अर्ज भरला होता.

कोर्स दोन वर्षांचा, फार तर चार वर्षांत संपवायचा. आत्याला चार लागली, कारण संख्याशास्त्राने तिला दोनदा आपटलं. आठवड्यातले दोन वर्ग जेवणाच्या सुट्टीत असायचे, आणि फोनला रेंज फक्त गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात. ती पायरीवर बसून डाव्या हाताने जेवणाचा डबा सांभाळत उजव्या हाताने टिपणं काढायची. पहिल्याच महिन्यात एकदा वर्ग लांबला, सुट्टी संपली, आणि ती फोन खिशात टाकून तशीच खिडकीत येऊन बसली. माइक चालूच. वर्गातल्या साठ जणांनी तिचा आवाज ऐकला: "अहो, झाकण! झाकण कोण लावणार, तुमचा नवरा?"

शिकवणाऱ्या मॅडम रागावल्या नाहीत. पुढच्या वर्गात त्यांनी एवढंच विचारलं, "झाकण किती घट्ट लावायचं, हे त्या बाईंना आधी कोणी सांगितलं होतं का?"

आत्या दोन दिवस धुमसत होती. मॅडमना काय जातंय बोलायला, त्यांच्या टेबलावर लघवी सांडत नाही, वगैरे. मग पहिलं पोस्टर तिने रागातच बनवलं. त्यात एकेचाळीस सूचना होत्या. साहेबांच्या नोटिशीची थोरली बहीण शोभेल असं. मॅडमनी ते परत पाठवलं आणि खाली लिहिलं, "हे वाचून झाल्यावर माणसाने नक्की काय करायचं आहे?" ते वाक्य आत्याने स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर चिकटवलं. अजून तिथेच आहे, तेलाच्या डागांसकट.

शेवटच्या वर्षी प्रकल्प होता. तिने साधी गोष्ट ठरवली. माणसाला डबा द्यायचा, सांगायचं ते सांगायचं, आणि मग म्हणायचं, "आता घरी जाऊन तुम्ही काय करणार, ते मला तुमच्या शब्दांत सांगा." 'कळलं का' असं विचारायचंच नाही, कारण त्याचं उत्तर जगात एकच असतं. साहेब तेव्हा तोंडी म्हणाले होते, "करा काय करायचं ते." तीन महिने तिने खिडकीत हे केलं. लोक आपल्या तोंडाने सांगू लागले आणि चूक घरी जायच्या आधीच पकडली जाऊ लागली. "आधी डबा स्वच्छ धुणार..." "थांबा! तिथेच थांबा!" खराब नमुने निम्म्याहून कमी झाले. तिने अहवाल लिहिला. लॅबच्या नोंदी वापरल्या होत्या, म्हणून त्यावर प्रमुखांची सही हवी होती.

सहीच्या दिवशी मी तिथेच होते, साहेबांच्या खोलीत प्रिंटर उघडून बसले होते. साहेब पान नऊवर थांबले. तिथे लिहिलं होतं: 'चूक ऐकणाऱ्यांची नव्हती, सांगणाऱ्यांची होती. सांगणाऱ्यांत मीही आहे.'

"हे वाक्य काढा," साहेब म्हणाले.

"का?"

"हे लोक म्हणजे पालथा घडा, बाई. कितीही पाणी ओता. त्यासाठी माझ्या लॅबने स्वतःवर ठपका का घ्यावा?"

"घडा पालथा ठेवला कोणी, साहेब?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. खरंच काढलं. "मी काही तुमचा शत्रू नाही. चार वर्षं पाहतोय तुमची धडपड. 'सहकार्याबद्दल आभार' लिहा, हे वाक्य काढा, आत्ता सही करतो."

चार वर्षांची मुदत संपायला सव्वीस दिवस राहिले होते. मी मनात म्हणत होते, काढ गं आत्या, एक तर वाक्य आहे. तिने हात पुढे केला आणि कागद उचलून घेतले.

"वाक्य राहील," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन खिडकीत बसली.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला जिन्यात गाठलं. "आत्या, वेड लागलंय का तुला? चार वर्षं पाण्यात जातील!"

"आणि ते वाक्य काढून डिग्री घेतली तर काय सांगत फिरू? की मी खरं बोलायचं शास्त्र शिकले आणि पहिल्या परीक्षेतच खोटं बोलले? चल, तुझा प्रिंटर बघ."

मॅडमनी नियम नीट समजावले. सही नाही तर लॅबच्या नोंदी वापरता येणार नाहीत. तीन महिन्यांचं काम बाजूला. पण इस्पितळाबाहेर, लोकांच्या स्वतःच्या लेखी संमतीने, नवा छोटा अभ्यास करता येईल. भिंतीवरची नोटीस सगळ्यांसाठीच लावलेली आहे, ती वहीत उतरवून घ्या, इस्पितळाचं नाव घालू नका.

जागा कुठली, हा प्रश्न आत्याला पडलाच नाही. ती सरळ मास्तरांकडे गेली.

"टेबल हवंय, मास्तर. तीन रविवार."

मास्तरांनी कापडाचे तागे उचलून खाली ठेवले. "घ्या. तीनदा डबा घासला त्याचं काहीतरी सार्थक होऊ दे."

तर इस्पितळाच्या फाटकाच्या बरोब्बर समोर, शिंप्याच्या टेबलावर, चार नंबर बसली. पुढ्यात तसलेच डबे, पण तळाशी औषधाऐवजी साधं पाणी. हाताने उतरवलेली सतरा ओळींची नोटीस. येणाऱ्याने ती वाचायची, डबा बघायचा आणि घरी नेऊन काय करणार ते सांगायचं. कोणी उसवलेली बाही घेऊन आलेलं असे, कोणी नुसतं बघायला. दुसऱ्या रविवारी आतोबांची शिकाऊ गाडी दुकानासमोर गचके खात थांबली.

"हा घे एक. आणखी आठ जण येतील," आतोबा खिडकीतून ओरडले. "सगळे माझे शिकाऊ आहेत."

"काही पढवलं नाहीत ना त्यांना?"

"मी पढवलेलं त्यांना कळलं असतं तर गाडी अशी थांबली असती का?"

तिसऱ्या रविवारी साहेब आले. फाटकातून निघाले ते रस्ता ओलांडून थेट टेबलापाशी.

"बाई, हा काय तमाशा?"

"तमाशा नाही साहेब, एम.ए."

मास्तरांनी तोंडातली टाचणी काढून हातात घेतली. आत्याने उभं राहून साहेबांना खुर्ची दिली आणि त्यांच्यासमोर डबा ठेवला. "आलाच आहात तर सांगा. हा डबा घरी नेला. तुम्ही काय करणार?"

साहेबांनी घडाघडा सांगितलं. पहिली लघवी टाकायची, वेळ लिहायची, मग सगळी साठवायची, थंड जागी ठेवायचं.

"डबा आधी धुणार?"

"छे! आत औषध असतं."

"नोटिशीत दाखवा."

साहेबांनी नोटीस हातात घेतली. बोट ठेवून वाचली. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचली. स्वतःचीच होती, अक्षर फक्त आत्याचं.

"हे कोणालाही कळतं," ते म्हणाले.

"मला नाही कळलं, साहेब," मास्तर म्हणाले. "तीनदा."

साहेबांनी नोटीस टेबलावर ठेवली आणि ते गेले. चाळीस माणसांपैकी तेवीस जणांनी डबा आधी धुणार किंवा रिकामा करणार असं सांगितलं होतं. साहेबांचं बरोबर उत्तर आत्याने मोजलं नाही. संमतीपत्रावर त्यांची सही नव्हती.

मुदतीच्या दोन दिवस आधी तिने अहवाल पाठवला. तोंडी परीक्षा फोनवर झाली, स्पीकर लावून, त्याच जिन्यात. मी दोन पायऱ्या खाली कोणी वर येऊ नये म्हणून उभी होते. परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही स्वतः इतकी वर्षं लॅबमध्ये काम करता, मग तिथल्या नोंदी का नाहीत? सही मिळाली नाही का?"

"मिळत होती," आत्या म्हणाली. "एक वाक्य काढलं असतं तर. ते याही अहवालात आहे, पान नऊवर."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग परीक्षक म्हणाले, "पुढचा प्रश्न."

ती पास झाली. पहिला वर्ग नाही, संख्याशास्त्राने तिथेही हात दाखवलाच. निकाल आला त्या दिवशी आतोबांनी फळीवरचा तेलकट कागद बघत विचारलं, "आता हा काढायचा का?" तिने त्याची सुटलेली कडा पुन्हा चिकटवली.

निकाल लागला म्हणून खिडकी काही बदलली नाही. नोटीस तीच, सतराच ओळी. फक्त आत्या आता प्रत्येक डब्यावर स्वतः कागद चिकटवते: 'डबा धुऊ नका. आतलं पाणी औषध आहे, हात लावू नका.' आणि प्रत्येकाला विचारते, घरी जाऊन काय करणार, सांगा. रांग कधी कुरकुरते. निकालानंतर आठवड्याभरातच साहेबांचा मेमो आला. चार नंबरच्या खिडकीत रुग्णांना अनावश्यक प्रश्न विचारले जातात, परवानगीशिवाय कागद चिकटवले जातात, याबद्दल लेखी खुलासा करावा.

तिने खुलासा हाताने लिहिला आणि द्यायच्या आधी मला दाखवला. चार ओळींचा होता.

'प्रश्न विचारते, हे खरं आहे. कागद चिकटवते, हेही खरं आहे. दोन्ही चालू ठेवणार आहे. हे वाचून आपल्याला काय समजलं, ते मला आपल्या शब्दांत लिहून कळवावं.'

खाली सही. आणि सहीखाली, बावीस वर्षांत पहिल्यांदा, तिने स्वतःची पदवी लिहिली होती.