शुक्रवारची चार वाक्यं

बंगळुरूजवळ आनेकलच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं यंत्रांचे सुटे भाग तपासले. मापात न बसणारा भाग बाजूला काढायचा आणि चुकांचा आलेख ठेवायचा, एवढंच काम. त्यामुळे आलेख कसा वाचायचा हे मला कुणी शिकवायला नको. बायको गेल्यावर मात्र घरात तपासण्याजोगं काही उरलंच नाही. मग नातीच्या जर्मन स्पेलिंगचे आलेख येऊ लागले.

मुलगा जर्मनीत असतो. सुट्टीत सगळे बंगळुरूला आले होते, तेव्हा दहा वर्षांच्या नातीचं शाळेचं ॲप माझ्या टॅबवर उघडलं आणि पालक म्हणून ईमेल माझा पडला. तो बदलायचा राहून गेला. मीही आठवण केली नाही.

दर आठवड्याला ती चार वाक्यं लिहायची. कोणत्या प्रकारच्या चुका परत परत होतात ते ॲप मोजायचं आणि तसा सराव द्यायचं. शुक्रवारी दुपारी मला अहवाल यायचा. आलेखाखाली तिची वाक्यं असत. मला जर्मनमधलं ओ की ठो कळत नाही. फोनवरून भाषांतर करून घ्यायचो. तिचा दात पडला. शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली. आईबाबा भांडले. मुलाच्या फोनवरच्या बोलण्यात यातलं काहीच नसे, तिथे कायम ‘सगळं छान’.

हळूहळू चुका कमी झाल्या. एका शुक्रवारी अहवालाखाली प्रश्न आला: सराव पूर्ण झाला असं मानायचं का? ‘हो’ म्हटलं की अहवाल बंद. ते ‘हो’ माझ्या जिवावर आलं. मी ‘आणखी सराव हवा’ दाबलं. पोर कच्ची राहायला नको, अशी स्वतःची समजूत घातली. साफ खोटं होतं ते. मला शुक्रवार हवा होता. असे सात शुक्रवार मी मिळवले.

मग एका मंगळवारी मुलाचा फोन आला. एरवी महिना महिना येत नाही, म्हणून मला आधी आनंदच झाला.

“अप्पा, त्या स्पेलिंगच्या ॲपचा तुम्हाला काही ईमेल येतो का? वर्गातल्या सगळ्यांचं संपलं, हिचंच संपत नाही. रोज रडते. म्हणते, मी मठ्ठ आहे.”

क्षणभर वाटलं, हात झटकावेत. जमलं नाही. सगळं सांगून टाकलं.

“पण का, अप्पा?”

“त्यातून तिचं कळायचं रे. तू कुठे काय सांगतोस?”

तो म्हणाला, “सरी, ठीक आहे. आता ‘हो’ दाबा. आणि तिला तुम्हीच सांगा.”

मी दाबलं. नात फोनवर आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“तू हुशार आहेस, राणी. चूक माझी होती. तुझं लिहिलेलं वाचायला मिळावं म्हणून मीच ते संपू दिलं नाही.”

“आजोबा, तुम्ही वाचायचे? सगळं?”

“सगळं.”

“मला वाटलं, फक्त कॉम्प्युटर वाचतो,” ती तिच्या तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली. “नाहीतर मी जास्त लिहिलं असतं.”